तासावर पाणी, मिलिसेकंदावर पेट्रोल

दिवाळीच्या आधीची गोष्ट. कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीचे एक आबा गाडी घेऊन उद्यमनगरातल्या माझ्या गॅरेजला आले. चार सिलिंडरची, बाराशे सीसीची साधी पेट्रोल गाडी. उभ्या जागी अशी थरथरत होती, की डॅशबोर्डवरचा गणपती मान हलवतोय असं वाटावं.

"मिस्त्री, इंजेक्टर धुऊन द्या तेवढं," आबा म्हणाले.

"इंजेक्टरच कशावरनं?"

"समदीच म्हणत्यात की ओ. दोन ठिकाणी धुतलंबी. धुतलं की आठ दिस झकास, मग परत ह्ये असं. आन् हायवेला लागली की काय न्हाई बघा, सुतासारखी पळती. सिग्नलला थांबली की हुडहुडी."

एवढ्या बोलण्यात आबांनी गाडीचं निदान स्वतःच सांगून टाकलं होतं. त्यांना ते ठाऊक नव्हतं, आणि कबूल करतो, मलाही लगेच उमगलं नाही. ते उमगायला इंजेक्टर, म्हणजे इंजिनाला पेट्रोल मोजून देणारा भाग, नेमकं काय करतो हे माहीत हवं. गॅरेजात रोज दोन-चार जण त्याचं नाव घेतात, पण तो हातात धरून पाहिलेली माणसं फार थोडी.

सुरुवात पायापासून करू. रेस दाबली की इंजिनाला पेट्रोल जास्त जातं, असं आपण धरून चालतो. पण पायाखालच्या त्या पेडलचा पेट्रोलशी थेट संबंधच नाही. त्यानं उघडते ती हवेच्या वाटेतली एक गोल झडप. हवा आत शिरली, की तिला पुरेल एवढं पेट्रोल कुणीतरी मागाहून मोजून द्यायचं असतं. तुम्ही हवा मागता, पेट्रोल तिच्या हिशोबानं येतं.

हिशोब वजनाचा आहे. एक ग्रॅम पेट्रोल पुरतं जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. वजनात सांगितलं की कुणाच्या डोळ्यासमोर काही येत नाही, म्हणून आकारमानात सांगतो: एक लिटर पेट्रोलला जवळपास नऊ हजार लिटर हवा. लग्नाच्या मांडवाबाहेर पाण्याचा मोठा टँकर उभा असतो ना, जवळजवळ तेवढी. गाडी खरं तर हवेवरच चालते, पेट्रोल तोंडी लावायला.

आता एका घासाचं बघू. बाराशे सीसीच्या इंजिनात एका सिलिंडरच्या वाट्याला तीनशे सीसी. पूर्ण रेस दिली तरी एका वेळी आत येणारी हवा एक ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडी जास्त. तिला लागणारं पेट्रोल ०.०३ मिलिलिटरच्या आसपास. डोळ्यात औषध घालताना पडतो तो थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा असतो, म्हणजे पूर्ण ताकदीलासुद्धा एक थेंब लागत नाही. गाडी नुसती उभी राहून चालू असेल तर त्याच थेंबाचा सहावा-सातवा हिस्सा पुरतो. आणि हे मोजमाप चारही सिलिंडरांना सारखं, न चुकता, मिनिटाला शेकडो वेळा करायचं.

पूर्वी हे काम कार्बोरेटर करायचा. हवेच्या वाटेला मध्येच गळा आवळलेला. तिथून हवा वेगानं गेली की दाब पडतो आणि बारीक जेटमधून पेट्रोल आपोआप ओढलं जातं. वीज नाही, वायर नाही. मला आजही ते यंत्र आवडतं, एका पेचकसावर त्याच्याशी बोलता यायचं. पण त्याला बाहेरची खबर नसे. इंजिन गार आहे का, हवा विरळ आहे का, हे त्याला कळायचं नाही. म्हणून सकाळी पेट्रोल वाढवायला चोक ओढायचा, मग आठवणीनं आत ढकलायचा. जो विसरला त्याचे प्लग काळे.

विजेवर चालणारं इंजेक्शन ही कल्पना आपल्याला वाटते त्याहून जुनी. अमेरिकेतल्या बेंडिक्स कंपनीनं १९५० च्या दशकातच ते करून पाहिलं, क्रायस्लरच्या १९५८ च्या काही गाड्यांत बसवलंही. त्या वेळची इलेक्ट्रॉनिक्स इंजिनच्या उष्णतेपुढं टिकली नाही. पुढं जर्मनीच्या बॉशनं १९६७ साली डी-जेट्रॉनिक नावाची प्रणाली फोक्सवॅगनच्या १६०० मॉडेलवर आणली आणि तिथून गाडं रुळावर आलं. आपल्याकडं २००० च्या सुमाराला प्रदूषणाचे नियम आवळत गेले, तशी गाड्यांच्या पाठीवर 'एमपीएफआय' ही अक्षरं दिसू लागली. दर सिलिंडरला वेगळा इंजेक्टर, एवढाच त्याचा अर्थ. एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा आणखी कडक नियम आला आणि बहुतेक मोटरसायकली-स्कूटरांतूनही कार्बोरेटर गेला.

आता तो इंजेक्टर.

माझ्या टेबलावर एक मेलेला इंजेक्टर आहे, हॅकसॉनं उभा चिरलेला. शिकायला पोरं येतात त्यांच्या हातात पहिल्या दिवशी तोच देतो. करंगळीहून थोडा जाड. वरच्या तोंडाला एक रबरी ओ-रिंग, खालच्या तोंडाला एक. वरचं तोंड रेलमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या समाईक नळीत बसतं, खालचं मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरकडं हवा नेणाऱ्या नळीत, हवा आत सोडणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर नेम धरून. पेट्रोल आत शिरतं तिथंच एक चिमुकली जाळी आहे, चहाच्या गाळणीचं पिल्लू म्हणा. त्याखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं, म्हणजे कॉइल. कॉइलच्या मध्ये सरकणारा लोखंडी तुकडा आणि त्याला जोडलेली सुई. काही गाड्यांत सुईच्या टोकाला छर्‍याएवढी गोळी असते. एक स्प्रिंग ती सुई खालच्या बैठकीवर दाबून धरते. बैठकीच्या खाली पातळ चकती आणि तिला नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसतील अशी भोकं.

काम असं. चावी फिरवली की कॉइलच्या एका पिनवर बॅटरीचा प्लस येऊन थांबतो. दुसरी पिन ईसीयूकडं, म्हणजे गाडीच्या छोट्या कॉम्प्युटरकडं जाते. ईसीयू त्या पिनला अर्थ देतो, म्हणजे बॅटरीच्या मायनसला जोडतो, तेव्हा कॉइलमधून साधारण एक अँपिअर करंट वाहतो, कॉइलचं लोहचुंबक होतं आणि लोखंडी तुकडा सुईसकट वर ओढला जातो. किती वर? एक दशांश मिलिमीटर, किंवा त्याहूनही कमी. डोक्याचा केस जेमतेम निसटेल एवढी फट. तेवढ्यातून पेट्रोल सुटतं आणि भोकांतून फवारा होऊन बाहेर पडतं. अर्थ काढून घेतला की चुंबक मेलं, स्प्रिंगनं सुई खाली आपटली, वाट बंद. प्रत्येक वेळी एक बारीक 'टिक' वाजते.

बस, एवढंच. इंजेक्टर हा उघडझाप करणारा नळ आहे. अर्धा उघडणं त्याला माहीत नाही. एक तर पूर्ण उघडा, नाहीतर पूर्ण बंद. मग पूर्ण रेसला जास्त आणि सिग्नलला कमी पेट्रोल कसं मोजलं जातं?

याचं उत्तर मी आबांना त्यांच्याच भाषेत दिलं. चिखलीत कुणी विचारतं का, 'उसाला किती लिटर पाणी पाजलं?' सगळे विचारतात, 'मोटर किती तास चालली?' मोटर तीच, पाईप तोच, दाब तोच, म्हणजे तास सांगितले की पाणी आलंच त्यात. गाडीतही हेच आहे. टाकीतली इलेक्ट्रिक मोटर पेट्रोल रेलमध्ये ढकलते आणि रेग्युलेटर तिथला दाब तीन-साडेतीन बारला धरून ठेवतो. तीन बार म्हणजे तीस मीटर उंच पाण्याच्या टाकीखाली उभं राहून नळ सोडला तर जो जोर असेल तेवढा. दाब पक्का आणि भोकं ठरलेली, मग मोजायला उरतो फक्त वेळ.

हिशोबाला सोपा म्हणून मिनिटाला दीडशे मिलिलिटर सोडणारा इंजेक्टर घेऊ. म्हणजे सेकंदाला अडीच मिलिलिटर, आणि सेकंदाचा हजारावा भाग म्हणजे एका मिलिसेकंदात ०.००२५. गाडी उभी असताना तीन मिलिसेकंद पेट्रोल वाहिलं तर सिलिंडरचं भागतं. पूर्ण रेसला बारा-तेरा मिलिसेकंद लागतात. डोळ्याची पापणी मिटून उघडायला शंभराहून जास्त मिलिसेकंद जातात, हायवेला तेवढ्यात इंजेक्टरची दोन-तीन कामं उरकलेली असतात. कोल्हापूरहून पुण्याला चार तास धरले आणि इंजिन अडीच हजार फेऱ्यांनी फिरलं, तर एकेक इंजेक्टर वाटेत तीन लाख वेळा उघडतो आणि मिटतो. चौघांचे मिळून बारा लाख टिका, आणि टाकीतलं गेलं साधारण तेरा लिटर. भागाकार करून बघा, एका टिकेला पुन्हा त्या थेंबाचा पाचवा हिस्सा येतो.

इथं एक बारीक गोम आहे आणि आबांच्या गाडीचं सगळं दुखणं तिच्यातच होतं. मोटर चालू केली म्हणून लगेच सरीत पाणी पडतं का? आधी पाईप भरावा लागतो. इंजेक्टरचंही तसंच. अर्थ मिळाल्यावर कॉइलमध्ये करंट चढायला, चुंबकात जोर यायला, सुई उचलायला वेळ जातो, साधारण एक मिलिसेकंद. हा वेळ फुकटचा, त्यात पेट्रोल नाही. ईसीयूला तीन मिलिसेकंदांचं पेट्रोल हवं असेल तर तो चारचा हुकूम सोडतो. बॅटरी उतरली की करंट हळू चढतो आणि हा फुकटचा वेळ वाढतो. त्याचा तक्ताही ईसीयूच्या डोक्यात असतो. सेल्फ मारताना बॅटरी दहा व्होल्टवर आली तर तो हुकुमात आपोआप भर घालतो. पण तो बॅटरीचे व्होल्ट मोजतो ते स्वतःच्या दारात. पुढं वायरीत काय होतं ते त्याला दिसत नाही. हे वाक्य जरा बाजूला ठेवा.

हुकूम किती मिलिसेकंदांचा सोडायचा, हे ईसीयू ठरवतो कसं? आधी हवा मोजून. मॅनिफोल्डमधला दाब सांगणारा एक सेन्सर असतो, शेजारी आतल्या हवेचं तापमान सांगणारा. दोन्हींवरून घासाला किती हवा आली ते निघतं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे. आंबा घाट उतरून रत्नागिरीला गेलात तर हवा पाच-सहा टक्क्यांनी दाट होते. कार्बोरेटरला हे कळायचं नाही, या सेन्सरला कळतं.

इंजिन कुठं फिरतंय हे कळायला क्रँकवर, म्हणजे इंजिनच्या फिरत्या दांड्यावर, दातेरी चक्र असतं. पुष्कळ गाड्यांत साठ दातांची जागा आणि दात अठ्ठावन्न, दोन मुद्दाम गाळलेले. सेन्सरसमोरून दात जातात, मध्येच ती बोळी येते, आणि ईसीयूला कळतं की चक्राची नवी फेरी इथून सुरू. दातांच्या रांगेतल्या फटीवरून माणूस ओळखावा तसं. हा क्रँक सेन्सर गेला तर ईसीयू आंधळा होतो आणि इंजेक्टरला एकही हुकूम जात नाही. गाडी भर रस्त्यात गप्प. लोक तेव्हाही इंजेक्टरलाच नावं ठेवतात.

पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सर मात्र मला सगळ्यांत लबाड वाटतो. गार असताना त्याचा रेझिस्टन्स जास्त, तापला की कमी. पुष्कळ गाड्यांत २० अंशांना अडीच हजार ओहमच्या आसपास आणि ८० अंशांना तीनशेच्या. डिसेंबरात पन्हाळ्यावर सकाळी गाडी चालू केली, की हाच सांगतो इंजिन गारठलंय, मग ईसीयू वेळ वाढवतो. जुना चोक आता या दोन वायरींत आहे. तो खोटं बोलायला लागला, म्हणजे इंजिन तापल्यावरही 'गार आहे, गार आहे' म्हणत राहिला, तर भर दुपारी चोक ओढून गाडी पळवल्यासारखं होतं. काळा धूर, अॅव्हरेज कोसळलेलं. आणि मालक म्हणतो, इंजेक्टर धुऊन द्या.

एवढं करूनही अंदाज तो अंदाजच. तो बरोबर आला का, हे सायलेन्सरच्या वाटेत बसलेला ऑक्सिजन सेन्सर सांगतो. जळून गेलेल्या धुरात ऑक्सिजन उरला असेल तर पेट्रोल कमी पडलं, आणि सेन्सर ०.१-०.२ व्होल्ट दाखवतो. ऑक्सिजन जवळजवळ संपला असेल तर पेट्रोल जास्त झालं, मग ०.८-०.९. ईसीयू त्यावरून वेळ किंचित वाढवतो, किंचित कमी करतो, पुन्हा वाढवतो. आमटीत मीठ घालून चाखत राहणाऱ्या सुगरणीसारखं हे सारखं चालू असतं. पुन्हापुन्हा एकाच बाजूला दुरुस्ती करावी लागली तर ती तो कायमची लिहून ठेवतो. स्कॅनर लावल्यावर आम्ही पहिल्यांदा बघतो ती ही वही. अधिक पंधरा टक्के असं काही दिसलं, की ईसीयू कुठल्या तरी उणिवेची भरपाई करत दमलाय असं समजायचं.

ही वही अलीकडं आणखी एका कारणानं महत्त्वाची झालीय. आपल्या कारखान्यांच्या डिस्टिलरीतलं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये वीस टक्के मिसळून पंपावर येतं. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळं त्याला बाहेरची हवा कमी लागते. एका ग्रॅमला १४.७ ऐवजी फक्त नऊ ग्रॅम. वीस टक्के मिश्रणाचा हिशोब साडेतेराच्या आसपास येतो. याचा उलटा अर्थ असा, की तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन द्यावं लागतं, म्हणजे इंजेक्टर तेवढा जास्त वेळ उघडा. ऑक्सिजन सेन्सर हे पकडतो आणि ईसीयू सांभाळून घेतो. चालकाला पिकअपमध्ये फरक कळत नाही, पण अॅव्हरेज थोडं उतरतं, कारण लिटरमागं ताकदच सहा-सात टक्के कमी. ऊस आपलाच, त्यामुळं तक्रार तरी कुणाकडं करणार! एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे रबरी भाग या मिश्रणाला टिकतील असे केलेत. त्याआधीची गाडी असेल तर पाईप आणि ओ-रिंगवर नजर ठेवा, फुगलेलं किंवा तडकलेलं रबर वेळेत बदला.

घाटाचंही सांगून टाकतो, कारण यावरून माझे बऱ्याच जणांशी वाद झालेत. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना आपली मंडळी गाडी न्यूट्रलला टाकतात. 'पेट्रोल वाचतं.' न्यूट्रलला इंजिन चाकांपासून सुटतं, मग ते स्वतःच्या जिवावर चालू ठेवायला इंजेक्टरला टिकटिक करावीच लागते, तासाला अर्ध्या-पाऊण लिटरच्या हिशोबानं. गाडी गिअरमध्ये ठेवून रेसवरचा पाय काढला, तर उतारावर चाकंच इंजिन फिरवतात. ईसीयू बघतो, हवेची झडप मिटलीय आणि इंजिन तर दोन हजारांवर फिरतंय. तो चारही इंजेक्टर पूर्ण बंद करतो. एक थेंबही जात नाही. फेऱ्या बाराशे-पंधराशेच्या खाली यायला लागल्या की पुन्हा चालू, तेही इतक्या अलगद की कळत नाही. म्हणजे गिअरमध्ये उतरणाऱ्याचं पेट्रोल शून्य, न्यूट्रलवाल्याचं वीस मिनिटांत पाव लिटरच्या जवळ. वर इंजिनचा ब्रेक मिळत नाही तो नाहीच, ब्रेक-पॅड तापून वास मारतात.

डिझेल आणि नव्या डायरेक्ट इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांना मी इथं हात लावत नाही. तिथं इंजेक्टर थेट सिलिंडरच्या आत फवारतो, दाब पेट्रोलला शे-दोनशे बार आणि त्याच्याही वर, डिझेलला दोन हजारांपर्यंत, काहींत त्याच्याही वर. तत्त्व तेच, पण सुटलेली धार चामडी फाडून आत शिरेल इतका जोर. चालू इंजिनवर तिथं बोट घालू नका, एवढंच सांगतो.

तर आबांची गाडी.

लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर आणि मूठ कानाच्या हाडाला, ही आमची सगळ्यांत स्वस्त तपासणी. पहिला, दुसरा, चौथा खणखणीत टिकटिकत होते. तिसरा वाजत होता, पण दबकत, घोंगडीखालनं बोलल्यासारखा. कॉइल मीटरनं मोजली. चारही चौदा ओहमच्या घरात. म्हणजे कॉइल निरोगी. स्कॅनरच्या वहीत अधिक सोळा.

मग तिसऱ्याला वायर जोडणारा कपलर उजेडात धरला. आतल्या पिनवर हिरवं कीट. "आबा, गाडी पाण्यात होती काय?" तर म्हणाले, एकवीस सालच्या पंचगंगेच्या पुरात दारात उभी होती, बॉनेटला पाणी लागलं होतं. त्या वेळी सगळं साफ करून घेतलं होतं, पण कपलरच्या पोटात राहिलेली ओल कुणाला दिसणार?

आता ते बाजूला ठेवलेलं वाक्य लावून बघा. कीटानं वाटेत चार-पाच ओहम अडवले, की चौदा व्होल्टांतले कॉइलला मिळतात साडेदहाच. सुई उचलायला पाऊण मिलिसेकंद जास्त लागतो. ईसीयूच्या दारात मात्र पूर्ण चौदा व्होल्ट, म्हणून तो भर घालत नाही. गाडी उभी असताना तिसऱ्याला लागतात तीन मिलिसेकंद, मिळतात सव्वादोन. चौथा हिस्सा गायब, तो सिलिंडर कधी पेटतो, कधी नाही. ती हुडहुडी. हायवेला जोर लावताना लागतात आठ, मिळतात सव्वासात. दहावा हिस्सा गेला तर इंजिन तक्रार करत नाही. मोटरचा पाईप भरायला दहा मिनिटं जास्त लागली, तर चार तासांच्या पाण्यात काय बिघडतं? पण पाऊण तासच लाईट असेल तर शेवटची सरी कोरडी.

आणि धुतल्यावर आठ दिवस झकास का? धुवायला इंजेक्टर काढावा लागतो, त्यासाठी कपलर ओढून पुन्हा दाबावा लागतो. त्या घासण्यानं पिनवरचं कीट थोडं खरवडलं जायचं. बरं वाटायचं ते या खरवडण्यानं, धुण्यानं काही नाही. अशा गाडीचं अॅव्हरेज का पडतं तेही यातच आहे: तिसऱ्यातून न जळलेला ऑक्सिजन बाहेर यायचा, सेन्सर ओरडायचा 'पेट्रोल कमी', आणि ईसीयू बिचारा चौघांनाही जास्त वाढायचा. पंगतीत एक पाहुणा उपाशी राहिला म्हणून सगळ्यांच्या पानात भात वाढण्यातला प्रकार.

याचा अर्थ इंजेक्टर कधी घाण होतच नाहीत असा नव्हे. तापलेलं इंजिन बंद केल्यावर नोझलच्या टोकाला राहिलेलं पेट्रोल उडून जातं आणि मागं चिकट राळ उरते. ती साठत गेली की फवाऱ्याची धार होते. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हशीची धार शोभते, मॅनिफोल्डमध्ये नाही. धारेनं आलेलं पेट्रोल नीट मिसळत नाही. असे इंजेक्टर काढून अल्ट्रासोनिक टबमध्ये धुवायचे आणि मग काचेच्या नळ्या असलेल्या बेंचवर चौघांना एकदम चालवून बघायचे. चारही नळ्यांत पातळी सारखी आली आणि बंद केल्यावर एकाचीही नाकगळती नसली, तर काम झालं. तुमच्याकडं धुवायला दिले तर बेंचवरच्या नळ्या दाखवा असं म्हणा. त्या न दाखवता 'झालं साफ' म्हणणाऱ्याचं फारसं मनावर घेऊ नका. टाकीत ओतायच्या बाटल्यांबद्दल विचाराल, तर थोड्या घाणीला त्या चालतात, तुंबलेल्या नोझलला नाही.

त्यापेक्षा टाकी रिकामी ठेवण्याची सवय मोडा. टाकीतली मोटर पेट्रोलमध्ये बुडून गार राहते. कायम रिझर्व्हवर फिरणाऱ्याची मोटर तापते, दमते, दाब पडतो. दाब पडला की तीन मिलिसेकंदांत तीनचं पेट्रोल येत नाही, आणि दोष पुन्हा इंजेक्टरच्या माथी.

आबांच्या गाडीला मी नवा कपलर आणि वीतभर वायर जोडली, बाकीच्या तिन्ही पिना साफ केल्या. गाडी चालू केली, गणपती स्थिर. स्क्रू-ड्रायव्हर आबांच्या हातात दिला. त्यांनी मूठ कानाला लावून एकेक करत चारही ऐकले, तिसरा दोनदा.

"चारीबी सारखंच वाजत्यात की." मग बिलाकडं बघून म्हणाले, "एवढंच? मग त्ये दोनदा धुतल्यालं पैसं?"

"पाण्यात गेलं, आबा."

"पंचगंगेच्याच की," ते म्हणाले, आणि चावी मागितली.